उष्टी हळद

नवरदेवाची उष्टी हळद वाटीतून आली, तशी आत्यानं ती परस्पर मोरीत नेऊन ठेवली आणि नवरीसाठी दुकानातलं पाकीट फोडलं.

"वन्सं, हे काय?" नवरीच्या आईनं दबकत विचारलं.

"त्याच्या कोपरांवरचे पापुद्रे पाहिलेस? सोरायसिस तो. तीच हळद पोरीला लावू?"

पाटावर बसलेल्या ऋजुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली आणि मोरीतून वाटी घेऊन आली.

"आत्या, हा आजार कुणाला लागत नाही. मी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जाऊन आलेय. अंगाची राखण करणाऱ्या पेशीच त्याच्या कातडीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतात. मनाला घोर लागला की दाह आणखी भडकतो. आणि हळदीला बाह्या वर केल्यावर लोक काय म्हणतील, याचाच घोर त्याला महिनाभर लागलाय."

"अगं, तुझ्या काळजीपोटीच केलं."

"आपल्याच माणसाला परकं समजू नये, एवढी अक्कल त्या पेशींना नाही. तुला असायला हवी होती."

तिनं वाटी आत्याच्या हातात ठेवली, पाटावर बसली आणि गाल पुढे केला.

"पहिली हळद लावायचा मान तुझा आहे. लाव."