तीनशे बारावा फॉर्म

"एक कमी पडतोय!" आशा सेविका छबूबाई आरोग्य केंद्राच्या दारातूनच ओरडल्या. त्यांच्या यादीत गावातली तिशी गाठलेली तीनशे बारा माणसं होती आणि हातात तपासणीचे फॉर्म होते तीनशे अकरा.

डॉक्टर पंकजा ताडकन उठली. दुपारचे तीन वाजले होते. पाचच्या आत आकडा पुरा झाला, तर शेवगाव तालुक्यात शंभर टक्के तपासणी झालेलं पहिलं गाव त्यांचं ठरणार होतं. महिनाभर तिने सगळ्यांना पळवलं होतं आणि स्वतः सगळ्यांच्या पुढे पळाली होती. थांबलं की तिला आतून भकास वाटायचं, म्हणून ती थांबतच नव्हती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"हनुमंत मुकादम!" नर्स रेश्माने अंदाज ठोकला. "टोळी घेऊन आजच निघालाय."

झालं! ड्रायव्हर कानिफनाथने जीप काढली. डॉक्टरबाई पुढे, छबूबाई मागे. वेशीपाशी ऊसतोडीचा ट्रक सुरूच झाला होता. कानिफनाथने जीप सरळ आडवी घातली. हनुमंत भांड्याकुंड्यांच्या ढिगावर बसला होता. "आवो म्याडम, माजा फॉर्म दसऱ्याआधीच भरलाय! शुगर निघाली म्हून गोळ्या बी खातोय," तो वैतागून म्हणाला आणि अख्खा ट्रक हसला. धूळ खात मंडळी माघारी आली.

चार वाजून गेले. छबूबाईंनी घरांची यादी पहिल्यापासून लावली. बोट फिरत फिरत शेवटच्या ओळीवर आलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "आगं बाई! दवाखान्याचं क्वार्टर! म्याडम, तुमाला गेल्या म्हैन्यात तीस वर्सं पुरी झाली की! आधार कार्डावरनं मीच नाव चढवलं हुतं."

रेश्माने टाळीच वाजवली. पंकजाला हसू आवरेना. आपला वाढदिवस होऊन गेला हे तिला आत्ता कळत होतं. "भरा, भरा लवकर!"

तंबाखू? नाही. खोकला? नाही. कंबर मोजून झाली. उत्तरं फटाफट निघाली आणि पान उलटलं.

"गेल्या पंधरा दिसांत कशातच मन लागत न्हाई, असं किती दिस झालं?"

"शून्य लिहा."

छबूबाईंचं पेन हललं नाही. "शून्य कसं लिवू? सोमवारी रंगुबाईची सून अडली हुती. तुमी दोगांना वाचवलं. समदे नाचत हुते. तुमी हात धुतले आन् भिताडाकडं बघत बसला, पार दिवस मावळस्तवर. मी दारातच हुते."



"रोज," पंकजा हळूच म्हणाली.

"आन् उदास वाटनं?"

"तेही रोज."

छबूबाईंनी दोन्ही प्रश्नांपुढे 'रोज'चे तीन-तीन गुण लिहिले. बेरीज सहा आली. खाली सूचना छापलेली होती: तीनपेक्षा जास्त गुण आल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे.

"म्हणजे माझ्याकडेच!" पंकजा खो खो हसत सुटली. हसता हसता रडायला कधी लागली ते तिचं तिलाही समजलं नाही. तशातच तिने हात पुढे केला. "द्या इकडे. तपासलं म्हणून सही करते. पाच वाजत आलेत."

छबूबाईंनी फॉर्म पदराखाली घेतला. सगळं गाव डॉक्टरबाईंना वचकून असायचं. छबूबाई मात्र कुणालाच वचकत नसत. "आपलं आपन तपासायचं न्हाई. आन् असा पेशंट येकटा सोडायचा न्हाई, आशानं सोबत जायाचं. तुमीच शिकवलंय. नगरला मनाचे डॉक्टर हायेत, तिथं जायाचं. रेश्मा, तालुक्याला फोन लाव. आकडा ऱ्हाऊ दे बाजूला, बदली डॉक्टर धाडा म्हनाव!"

दोन मिनिटांत जीप पुन्हा दारात उभी राहिली. कानिफनाथने धावतपळत मागचा बाक झटकला आणि आत डोकावला. "चला, चला! नगरचं अर्जंट हाय म्हनं. पेशंट कुठंय?"

पंकजाने गळ्यातला स्टेथोस्कोप काढून रेश्माच्या हातात दिला.

"मी आहे," ती म्हणाली.