सात पाण्यांत धुतलेले शेवाळ

जांभळ्या द्रावणाचा रंग उतरला नाही. शेवाळाच्या अर्काचे थेंब पडल्यावर अर्ध्या तासात ते पिवळे पडायला हवे होते; शेवाळात अँटिऑक्सिडंट असल्याची ती खूण. संशोधिकेने नळी उजेडासमोर धरली. जांभळी ती जांभळीच. यंत्रावर लाल रंगद्रव्याचा आकडाही मागच्या महिन्यासारखाच आला, म्हणजे नसल्यात जमा.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवला. "पलीकडच्या किनाऱ्यावर हेच शेवाळ नऊपट आकडा देतं. तुम्ही शेवाळ आणता की वाळका पाला?"

"यंत्र दोनदा तपासलं, सर. रसायनंही नवी आणली."

"मग आपल्या खाडीतल्या शेवाळातच काही नाही, असं पैसे देणाऱ्या समितीला सांगू. गुरुवारचा नमुना शेवटचा. तोही असाच निघाला, तर शुक्रवारी काम बंद."

काम बंद म्हणजे तिची जागाही बंद. लग्नानंतर अकरा वर्षे थांबून तिने ती मिळवली होती.

घरी हे तिने सांगितले तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "सुटली तर सुटली. कचरा मोजायलाही पदवी लागते, हे मला या घरात कळलं." त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा असे. चूक त्यांच्या हातून होत नसे. झालीच, तर तिला घरची पद्धत म्हणत.

गुरुवारी पहाटेच्या ओहोटीला सुनेने खडकांवरचे लाल शेवाळ खुडून आणले. नेहमीप्रमाणे ते समुद्राच्याच पाण्यात, घमेल्यात बुडवून, मागच्या ओट्यावर सावलीला ठेवले. प्रयोगशाळा दहाला उघडे. तोवर डबे, वेण्या आणि मुलीला शाळेत पोचवणे उरकायचे असे. परत येऊन घमेले उचलताना शेवाळ जरा फिकट वाटे. खाडीच्या गढूळ पाण्याचाच तो दोष, असे तिने धरून ठेवले होते. त्या दिवशी मुलीची पाण्याची बाटली राहिली, म्हणून ती अर्ध्या वाटेवरून परतली.

सासूबाई मागच्या नळाशी बसल्या होत्या. कोपरापर्यंत हात घमेल्यात होते. मोरीकडे गुलाबी पाण्याचा ओघळ लागला होता.

ती उंबऱ्यातच थबकली. गोड्या पाण्यात या शेवाळाच्या पेशी फुटतात आणि लाल रंगासकट अँटिऑक्सिडंटही पाण्याबरोबर निघून जातात. हे तिला पाढ्यासारखे पाठ होते.

"आई, हे काय करताय?"

"दिसत नाही? धुतेय. सात पाणी काढावी लागतात, तेव्हा कुठे हा तांबडा मळ सुटतो."

"दरवेळी धुता?"

"मग? तू नुसतं खारवून ठेवतेस. लोणचं घालायचंय का?"

सुनेने नळ बंद केला. सुटली तर सुटली, हे शब्द अजून तिच्या कानांत होते. आता त्यांचा अर्थही लागला. तोंडाने म्हणण्याआधीच त्या हातांनी तिची नोकरी सोडवायला बसल्या होत्या.

प्रमुखांनी सगळे ऐकले आणि खणातून एक छापील अर्ज काढला. "ज्यांनी धुतलं, त्यांची लेखी कबुली लागेल. उद्या सकाळी. मग मागचे दोन आणि आजचा, हे तिन्ही नमुने रद्द होतील आणि पुढच्या मोठ्या ओहोटीपर्यंत मुदत मिळेल. कबुली नसेल, तर मीही काही करू शकत नाही."

अर्ज घरी आणून तिने वरचा मजकूर भरला. 'नमुने घरातील एका व्यक्तीकडून गोड्या पाण्यात धुतले गेले.' त्यापुढे तिचा हात चालेना. सासूचे नाव चुकीसमोर लिहिण्याची त्या घरात कोणाची छाती नव्हती. संध्याकाळी तिने कागद तसाच सासूबाईंपुढे ठेवला आणि काय प्रकार झाला ते चार वाक्यांत सांगितले. आवाज चढू दिला नाही.

सासूबाईंनी चष्मा लावला. ओठ हलवत सबंध कागद वाचला.

"एका व्यक्तीकडून? मला काय नाव नाही?"

"आई, सही केली की चूक तुमच्या नावावर लागेल. कागद कायमचा राहतो."

"हात माझे होते, तर नाव काय शेजारणीचं घालू? आण ते पेन."

त्यांनी 'एका व्यक्तीकडून' यावर आडवी रेघ ओढली आणि वर आपले संपूर्ण नाव लिहिले, ठळक, ओळ न सोडता. खाली सही केली. सहीखाली एक रकाना होता: असे करण्याचे कारण. पेन तिथे बराच वेळ थांबले. सून खिडकीबाहेर पाहत राहिली. त्या रकान्यात काय यायला हवे, ते तिला सकाळपासून माहीत होते.

लिहून झाल्यावर सासूबाईंनी चष्मा घडी करून ठेवला. कागद सुनेकडे सरकवला आणि तिच्याकडे न पाहता त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

कागदावर लिहिले होते: 'सुनेचे काम मोठ्या लोकांसमोर जाते. ते मळके जाऊ नये, म्हणून.'