मायचा अंगठा

आयक ना बे, मधात बोलू नको. काल यवतमाळच्या दवाखान्यात मायच्या सायनसच्या ऑपरेशनचा फॉर्म समोर आला. माय म्हणे, "बादल, मोबाईलात पाह्य, नाकात काय करतात. तू वाचून सांगशीन तवाच अंगठा लावीन."

पेज मराठीत होतं, पण 'नासाकोटर' अन् काय काय लिहेल. मले फक्त 'डोळ्याले धोका' तेवढं समजलं. मंग मी स्क्रीनकडे पाहत पाच मिन्टं मनानंच सांगत गेलो, अन् शेवटी म्हणलं, "दुर्बीण टाकतात, घाण काढतात, झालं."

मायनं अंगठ्याले शाई लावली, कागदावर नेला अन् थांबली.

"एवढं लंबं वाचलं, पण बोटानं पान एकदाही सरकवलं नाही तुनं. काय लपवून राह्यला?"

सांग, तू काय केलं असतं?