झीशानचं शेवटचं वर्ष

“दोन्ही अंडी त्याच्या डब्यात घाल,” नजमा म्हणाली. “तुझ्यात चटणी.”

आमरीनने अंडी भावाच्या डब्यात घातली आणि झाकण असं आपटलं की मांडणीवरचे पेले वाजले.

“आपटू नको. फुकट नाय आला डबा.”

“अब्बानं घेतलाय. माझ्यासाठी. मी बारावीला असताना.”

“त्याला चार वर्षं झाली. अब्बाबी गेला आन् तुझी बारावीबी गेली. निघ, एसटी जाईल.”

खुलताबादच्या त्या दोन खोल्यांत दिवस असाच उजाडायचा. नवरा गेल्यापासून नजमा घरी टोप्या शिवत होती. टोप्यांवर घर चालतं, कॉलेज चालत नाही. म्हणून आमरीन रोज शहरात जायची, शहागंजातल्या कापडाच्या दुकानात कामाला. जाताना धाकट्या भावाचाही डबा न्यायची. झीशान तिकडे चार पोरांबरोबर खोली करून राहायचा आणि बी.एस्सी. करायचा. त्याची फी आमरीन पगारातून परस्पर भरायची, उरलेले पैसे आईच्या हातावर टेकवायची.

यात काही वावगं आहे असं नजमाला कधी वाटलं नाही. आमरीनला बारावीला एक्याऐंशी टक्के होते, झीशान काठावर तरला होता. पण मुलगी परक्याचं धन, आणि त्या धनावर खर्च कोण करणार? नजमाला स्वतःला वाचता येत नव्हतं. त्यामुळे झीशानच्या ॲडमिशनला आमरीनच त्याच्याबरोबर गेली, फॉर्मही तिनेच भरला. घरी आल्यावर दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. जळते भावावर, असं नजमाने शेजारणीला सांगितलं.

रविवारी दुकानालाही सुट्टी आणि कॉलेजलाही. झीशान घरी यायचा, दुपारपर्यंत लोळत पडायचा आणि आमरीन त्याची प्रयोगाची जर्नलं लिहीत बसायची. हे नजमाचंच फर्मान. तुझं अक्षर चांगलं आहे, लिही. त्याला झोपू दे. आमरीन मान वर न करता लिहायची. तिच्या बोटांवर कधी जांभळे डाग असत. विचारलं तर म्हणायची, “कच्च्या रंगाचं कापड होतं.” दिवाळीत कॉलेज बंद असूनही झीशान घरी फिरकला नाही, आणि पोरगा किती अभ्यासू म्हणून नजमाने गल्लीभर मिरवलं.

अशात एका रविवारी सिल्लोडचं स्थळ आलं. मक्याचे व्यापारी, स्वतःचं घर. मुलाची आई यास्मिनबी हिने आमरीनला बघितलं, तिच्या ओटीत भारी सूटचं कापड ठेवलं आणि अट सांगितली. पोरीचं दुकानात उभं राहणं आजपासून बंद. “झीशानच्या शेवटच्या फीचं आम्ही बघतो,” असंही म्हणाली. नजमाला आकाश ठेंगणं झालं.

पाहुणे गेल्यावर झीशानने ते कापड चिमटीत धरून बघितलं. “सिल्क नाय हे, अम्मी. मिक्स आहे. फसवलंय त्यांना कुणीतरी.”

“गप. कॉलेजात गेला म्हणून लई शहाणा झाला,” नजमा कौतुकाने म्हणाली.

“मी दुकान सोडणार नाय,” आमरीन म्हणाली. “परीक्षा होईस्तोवर तरी नाय.”

“कुणाची परीक्षा?”

“झीशानची.”

“त्याची फी ते भरतायत. मग तुला कशाला मरायला जायचंय तिथं? कोण हाय तुझं त्या दुकानात?”

झीशान मध्ये पडला. “दोनच महिने राहिलेत, अम्मी. जाऊ दे आपाला.”

“तू मधी बोलू नको. तुझ्यासाठी नाय जात ती. नटायला, मुरडायला जाते.”

आमरीन उठून उभी राहिली. “एकदा तू मला घरी बसवलंस. दुसऱ्यांदा नाय बसणार.”

नजमाने फाडकन तिच्या तोंडात दिली. झीशान जागचा उठला, पण आमरीनने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो पुन्हा बसला. संध्याकाळच्या गाडीने तो शहरात परत गेला.

सोमवारी आमरीन गेलीच. दोन्ही डबे भरले, आईच्या अंगावरून पुढे गेली, एसटी पकडली.

नजमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकराच्या गाडीने तीही शहरात आली. दुकानाचं नाव तेवढं तिला ठाऊक होतं. विचारत विचारत ती शहागंजात पोचली आणि थेट गल्ल्यासमोर उभी राहिली.

“आमरीनला बोलवा. तिची आई हाय मी. उद्यापासून येणार नाय ती.”

शेठने चष्मा वर केला. “कोण आमरीन? आमच्याकडं लेडीज कुणी कामाला नाय, बाई.”

“खोटं बोलता? तीन वर्षं राबतीय माझी पोरगी इथं!”

आवाज ऐकून आतला एक नोकर कापडाचं थान खांद्यावर घेऊन पुढे आला. तो झीशान होता.

नजमाला वाटलं, आता सगळं समजलं. पोरगी कुठेतरी उंडारते, शेठ तिला सामील, आणि कामाला जुंपलंय माझ्या लेकराला. रागाने तिचा आवाज फाटला.

“तिच्या जागी तू राबतो व्हय रे? शेवटचं वर्ष हाय तुझं! तुझं कॉलेज बुडवून ती कुठं उलथलीय?”

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. झीशानने थान हळूच काउंटरवर ठेवलं.

“आपा कॉलेजातच आहे, अम्मी,” तो म्हणाला. “माझं नाव तिथं कधी घातलंच नव्हतं.”