सेकंदाला साठ फ्रेम

तेओफिलो यारांगाची बस तिसऱ्यांदा दरीत कोसळली. कोसळली ती पडद्यावर, पण त्याचं तोंड मात्र खरोखरच उतरलं.

"सव्वीस वर्षं खरी बस हाकताय बाबा, आणि खेळातली आवरेना?" नेलिदा खो खो हसली.

ती तार्मा गावच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करायची. आज दुकान बंद, म्हणून बापाच्या म्हाताऱ्या मशीनच्या मागे सकाळपासून हात धुऊन लागली होती. पंख्यातली धूळ उपसली, मेमरीची एक जुनी पट्टी जोडली आणि मग खेळाच्या सेटिंगमध्ये शिरून कपाळावर हात मारला. सावल्या, पाऊस, आरशांतली प्रतिबिंबं, बसमधले प्रवासी, सगळं अगदी टोकाला नेऊन ठेवलेलं. असल्या खटाऱ्यावर एवढा बोजा कोणी शहाणा टाकेल का? खेळही जुना. सेकंदाला उमटणारी चित्रं, म्हणजे फ्रेम, कमी पडल्या की त्यातलं सगळं जगच रेंगाळायचं, बस काय आणि वळण काय. तिनं एकेक गोष्ट बंद केली. सेकंदाला चौदा फ्रेम मिळत होत्या, त्या साठ झाल्या. बस खऱ्या बससारखी धावू लागली.

रस्ताही खराच होता. तार्माहून ला मेर्सेदला उतरणारा घाट लिमाच्या कुणा हौशी पोरांनी खेळात जसाच्या तसा उतरवला होता. तेओफिलो रोज तोच घाट उतरायचा, दुपारी तीनच्या फेरीला.

"सवय नाही अजून," असं पुटपुटत त्यानं पुन्हा सुरुवात केली. भाजलेल्या मक्याची वाटी घेऊन नेलिदा त्याच्या शेजारी उभी राहिली. या खेपेला ती पडद्यापेक्षा बापाकडेच बघत होती. वळण आलं तशी बापाची नजर झटकन वळली. हात वळले नाहीत. ते टेबलावरचं खेळाचं चाक फिरवू लागले तेव्हा बस कठडा तोडून गेली होती. त्याचा उजवा अंगठा आपोआप हलत होता, आणि त्यानं दुसऱ्या हातानं तो झाकून घेतला.

नेलिदाचा घास तोंडातच राहिला. हे कधीपासून, असं तिनं विचारलं. तो आधी उडवाउडवी करत राहिला, मग तुटक तुटक बोलला. दोन वर्षांपूर्वी हे वळण पहिल्यांदा चुकलं. सहज म्हणून सावल्या वाढवल्या, खेळ जरा मंदावला आणि वळण जमलं. काही महिन्यांनी पुन्हा चुकायला लागलं, तेव्हा पाऊस लावला. मग आरसे. गेल्या ईस्टरला बसमध्ये प्रवासी भरले. आता वाढवायला काही शिल्लक नव्हतं. डॉक्टरकडे तो गेला नव्हता, कारण डॉक्टरनं लायसन काढून घेतलं असतं.

"होतं तसं जड करून दे, पोरी," तो म्हणाला. "तेवढंच जमतं मला."

बाहेर हॉर्न वाजला. तीनची फेरी भरली होती, आणि तिकिटं फाडणारा विल्मेर घाई करत होता. तेओफिलो उठला आणि त्यानं बसची किल्ली टांगलेल्या खिळ्याकडे हात नेला. तो पोचायच्या आत नेलिदानं किल्ली काढून मुठीत धरली. तिला भीती वाटत होती आणि बापाची दयाही येत होती.

"आणि खऱ्या रस्त्यावर काय वाढवता, बाबा?"

त्यानं किल्ली मागितली नाही.

"तिथं मी सावकाश चालवतो," तो म्हणाला. "म्हणून तर बायका आपली पोरं मुद्दाम माझ्याच गाडीत बसवतात."