रोटाचे गहू

पहिली मूठ भिकुबाईने नाव न घेता टाकली. ती नवऱ्याची. दुसरी दिराची, उखर्डूची. तिसरी थोरल्या मुलाची, निंबाची. प्रत्येक मुठीवर आणखी चिमूटभर गहू, सव्वा मूठ व्हावी म्हणून. शुभ्र फडक्यावर गव्हाचा छोटासा ढीग झाला.

धाकटा शालिग्राम भिंतीशी वही-पेन्सिल घेऊन बसला होता. पुण्याला गेल्यापासून तो श्रावणातल्या कानबाईच्या सणाला घरी आला नव्हता. तो यावा म्हणून भिकुबाई दर शनिवारी उपास धरून होती. आज तो आला होता, आणि उद्या रविवारी कानबाई बसणार होती. धरणगावाजवळच्या त्या लहानशा गावात घरोघरी हेच चालले होते. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा मुठी. त्या गव्हाचा रोट फक्त घरच्यांनी खायचा. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही. सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा त्यातला घास मिळत नाही. उरलेला चुरा नदीत जातो.

“खानेसुमारीवाला बी इतलं इचारत नही,” उखर्डू ओट्यावरून म्हणाला. “हाई लिखीसन तुले काय भेटस रे?”

शालिग्राम हसला. सकाळपासून हेच सांगायची तो वाट पाहत होता. तो मानववंशशास्त्राचा एम. ए. करत होता. त्याला जायचे होते यावलच्या वर, सातपुड्यात, पावरा आदिवासींत राहायला. पण महायुद्ध चालू होते. डोंगरात राहण्याचा खर्च द्यायला कोणी तयार होईना. शेवटी प्राध्यापक म्हणाले, स्वतःच्या घरच्या कानबाईवर लिही, त्याला एका निधीतून मदत मिळवून देतो. ती मिळाली. वर्षाची फी त्यातूनच भरली. नाहीतर नाव कमी झाले असते.

“माय, तुनी कानबाईनीच माले तारं,” तो म्हणाला.

“पोऱ्यानी देवीले बी कामले लायं!” उखर्डू खो खो हसला.

भिकुबाईचा हात गव्हाच्या पाटीतच थांबला. चौथी मूठ भरलेली होती.

“रोटवर पैसा लिधा तू?”

“रोटाचे नाहीत माय. लिहिण्याचे.”

“परत दी टाक.”

“खर्च झाले.”

“मंग लिखू नको.”

त्याने समजावून सांगितले. लिहिले नाही तर निधीवाले पैसे मागणार. कोठून द्यायचे? कॉलेज सुटणार. इतकी वर्षे पुण्यात वार लावून जेवला, मुलांच्या शिकवण्या केल्या, ते सगळे वाया. भिकुबाईने सगळे ऐकले. देवापुढे ती कधी आवाज चढवत नसे.

“ती पेन्सिल ठेव भाऊ,” ती हळूच म्हणाली. “मी तुनी मूठ टाकस.”

तिचा हात फडक्यावर आला आणि तिथेच थांबला. शालिग्रामने हाताकडे पाहिले. नंतर समईकडे. बोटांच्या फटीतून एक-दोन दाणे निसटून पाटीत पडले. तिला ओठांतल्या ओठांत कानबाईचे नाव घेण्याची सवय होती. या वेळी तिचे ओठ हललेच नाहीत.

पेन्सिल त्याच्या हातातच होती.

भिकुबाईने मूठ पाटीत सोडून दिली. दाणे इतर दाण्यांत मिसळले.

मग शालिग्रामने खाकरून घसा मोकळा केला. काम अर्धे राहून चालणार नव्हते. पुढचा प्रश्न प्राध्यापकांनीच सांगितलेला होता.

“घरना माणसं कशी धरतस, माय?”

“जो रोट खाई, तो घरना.”

“मग आपल्या घरात पुरुष किती?”

ती फडक्याची गाठ मारत होती. गाठ तिने दोनदा घट्ट केली.

“तीन.”

ओट्यावरून उखर्डूने मान आत घातली. “वहिनी, तीन कशा? चार शेतस ना! मोजामा चुकनात तुम्ही.”

भिकुबाईने पदर सारखा केला.

शालिग्रामने आकडा लिहिला. वर न पाहता म्हणाला, “बरोबर शे काका. तीनच.”