काचेतली पाठमोरी

रुचिकाला घरात पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी करायची होती, पण पैशांची चणचण होती. तेव्हा खारबावच्या तिच्या मोठ्या बहिणीनं, कमळताईनं, आपली रिकामी टाकी स्वतःहून रिक्षात घालून भिवंडीला पाठवली. "पैशे नको देऊस गं, तुलाच राहू दे," म्हणाली. लहानपणी साधी ओढणीसुद्धा वापरू न देणारी ताई! रुचिकाचे डोळेच भरून आले.

तिनं तळाशी कुंडीतली माती घातली, वर चाळून धुतलेली वाळू पसरली आणि गावच्या तळ्यातलं पाणगवत रोवलं. रविवारी दुपारी पाणी भरलं. गढूळपणा खाली बसला, तसं पुढच्या काचेत घर दिसू लागलं. दार, कपाट, मागची खुर्ची. खुर्चीवर एक बाई पाठमोरी बसली होती.

रुचिका गर्रकन वळली. खुर्ची रिकामी होती.

तिनं पुन्हा काचेत पाहिलं. सैल अंबाडा, हिरवं लुगडं आणि जराही न हलणारे खांदे.

तिनं ताईला फोन लावला. "ताई, या टाकीत..."

वाक्य पुरं व्हायच्या आतच पलीकडून ताईचा सुटकेचा मोठा श्वास तेवढा ऐकू आला.

"तुला माहीत होतं?"

"माझ्या घरात पोरं हायेत, रुचे."

"आणि मी कोण गं तुझी?"

ताईनं दबक्या आवाजात विचारलं, "तिनं तुझ्याकडं तोंड न्हाय ना फिरवलं अजून?"